हात गार होता

३ नोव्हेंबर

प्रिय ठकी,

आई सुखरूप पोचली. बसमधून उतरल्या उतरल्या म्हणाली, "ठकीला कळव." तेव्हा कळवते.

फोनवर सगळं बोलता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे, आणि आईची बोटं सुन्न झाली असली तरी कान शाबूत आहेत. म्हणून पत्र. तूही उत्तर माझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

काल तिला कामावर घेऊन गेले. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझी खोली बघत होती. पलंग, मशीन आणि तारांचा गुंता बघून म्हणाली, "एवढ्याशा जागेत सव्वीस वर्षं काढलीस?" मी म्हटलं, तुझी बाइंडिंगची खोली म्हणजे काय राजवाडा आहे का. हसली.

तपासणी अशी असते. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर एक चकती चिकटवायची आणि मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा. झटका दिल्यापासून अंगठा उडेपर्यंत किती वेळ गेला, ते मशीन मोजतं. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले चारेक लागायला हवेत. आईला जास्त लागले. पण तिचा हात गार होता. हात गार असला की नस सुस्तावते आणि चांगल्या माणसाचा निकालही वाईट दिसतो. त्यामुळे हा निकाल धरायचा नाही, तपासणी पुन्हा करायची. करंगळीची नस मात्र झकास आहे, विशीतल्या मुलीसारखी.

तेव्हा आठ-दहा दिवस ती इथंच राहील. मी आहे म्हणून रांगेत बसावं लागत नाही, एरवी लोक महिना महिना थांबतात.

काल संध्याकाळी घरी आले तेव्हा बेल वाजवली. वाजवली आणि सवयीनं किल्लीही काढली. आतून दार उघडणारं कुणी असतं, याची मला सवयच नाही.

गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
ताई


१० नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. बेल वाजवल्याचं वाचून बरं वाटलं. इथं मी बेल वाजवली तर दार उघडायला मीच जायचं.

कामाचं सांगते. ग्रंथालयाची दोनशे चाळीस पुस्तकं येऊन पडली आहेत. आई शिवणार आणि मी पुठ्ठे चढवणार, ही वाटणी वीस वर्षांची. आता शिवायलाही मीच. माझे टाके बघून ग्रंथपाल गोड आवाजात म्हणाले, "आई कधी येणार?" जो येतो तो हेच विचारतो. मी कशी आहे हे एकानंही विचारलेलं नाही, हे आपलं सहज सांगितलं.

एक शंका आहे. मी अडाणी आणि तू मशीनवाली, तेव्हा हसू नकोस. हात गार होता म्हणून अंगठ्याची नस हळू चालली, तर मग करंगळीची झकास कशी? करंगळी काय दुसऱ्या बाईची होती? आणि आईचे हात गार? कडाक्याच्या थंडीतसुद्धा तिचे हात निखाऱ्यासारखे असतात. माझ्या कपाळावर ठेवायची ना, मला माहीत आहे.

तू तिला बागेत नेतेस, बाकावर बसून शेंगा खाता, असं ती फोनवर म्हणाली. आम्ही दोघी वीस वर्षांत बागेत गेलेलो नाही. इथं बागेला जायचं तर दुकान बंद ठेवावं लागतं.

गोळ्यांचं तू काढू नकोस. आई फोनवर रोज काढते, तेवढं पुरे.

आठ-दहा दिवस म्हणाली होतीस. परवा दहा भरतात.

ठकी


१८ नोव्हेंबर

प्रिय ठकी,

करंगळीची नस मनगटात वेगळ्या वाटेनं जाते. ही काही पत्रातून शिकवण्याजोगी गोष्ट नाही. मला शिकायला दोन वर्षं लागली. शिवाय गेला आठवडाभर मशीन दुरुस्तीला होतं. आता रांग तुंबली आहे आणि घरच्या माणसाला मध्येच घुसवलं तर लोक नावं ठेवतात. अजून थोडं थांब.

आईच्या बोटांत पेन राहत नाही, म्हणून तिचा निरोप मीच लिहिते: "मी येथे मजेत आहे. माझे मन रमले आहे. कामाची घाई करू नये. काळजी नसावी."

तू दहा दिवस मोजलेस ते वाचून हसू आलं आणि रागही. एकेचाळीस वर्षं आई तुझ्याकडे आहे, ती नाही मोजलीस.

तुला फिटचे झटके येऊ लागले तेव्हा पहिल्यांदा मेंदूच्या आलेखासाठी नेलं होतं, तो दिवस आठवतो का? तू सात वर्षांची, मी तेरा. मला आत सोडलं नाही म्हणून मी दाराच्या काचेतून बघत होते. तुझ्या डोक्याला वीसेक तारा चिकटवलेल्या, शेजारी कागदाची पट्टी सरकतेय आणि तिच्यावर एका रांगेत पेनं लिहितायत. मेंदूत वीज असते आणि ती कागदावर उतरते, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांना वाटतं की ते बघून मी या कामात आले. मी पण तसंच सांगते.

खरं सांगू? मला त्या दिवसातलं आठवतं ते घरी आल्यावरचं. तुझ्या केसांत ती चिकट पेस्ट राहिली होती. आईनं कोमट पाण्यानं, बोटांनी एकेक बट सोडवत ती काढली. तासभर लागला. मी शेजारी उभी राहून मगानं पाणी ओतत होते. मनात म्हणत होते, देवा, मलाही येऊ दे एक झटका. एकच. तेरा वर्षांची मुलगी हे मागत होती. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता तरी दिवस मोजू नकोस.

ताई


२५ नोव्हेंबर

ताई,

तू हे मागत होतीस हे मला माहीत नव्हतं. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की तू दाराच्या पलीकडे होतीस, मोकळी उभी, आणि मी पलंगावर चिकटवलेली. दुसऱ्याच्या ताटातलं नेहमी जास्तच दिसतं.

आता आईच्या निरोपाविषयी. "माझे मन रमले आहे" असं आई जन्मात म्हणालेली नाही. तिचा निरोप असता तर त्यात "पुठ्ठ्याची खळ पातळ करू नकोस" असतं. तो निरोप तुझा आहे. पहिल्या पत्रात लिहिलंस, मी आहे म्हणून रांग नाही. आता लिहितेस, मी आहे म्हणूनच रांग. तुझ्या थापांची शिवण माझ्या टाक्यांपेक्षा सैल आहे.

हे सगळं मी भांडायला म्हणून लिहायला घेतलं होतं. पण आता दुसरंच सांगायचं आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी मला झटका आला. सतरा वर्षांनी. छापील कागदांना घड्या घालत होते. तो जुना वास आला, जळक्या रबराचा, आणि नंतर मी टेबलाखाली होते. जीभ चावलेली, कपडे ओले. शेजारच्या शिंप्यानं आवाज ऐकून धाव घेतली, उचलून बसवलं आणि बिचारा पाठ करून उभा राहिला.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोन आई उचलते. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला एकटीला भीती वाटते, एवढं खरं.

ठकी


२९ नोव्हेंबर

ठकी,

तुझं पत्र मी आईला दाखवलेलं नाही. का ते सांगते.

मी पंधरा वर्षांची असताना मला शाळेत विज्ञानाचं बक्षीस मिळालं होतं. आईनं त्या दिवशी काम बंद ठेवलं. आपण तिघी निघालो. शाळेच्या फाटकात तू पडलीस आणि आई तुला उचलून परत फिरली. बक्षीस घेताना मी समोरच्या टाळ्या वाजवणाऱ्यांत ओळखीचं एक तोंड शोधत होते.

पुढे या कामात आल्यावर मला शिकवलं गेलं की खऱ्या झटक्यात माणसाचे डोळे बहुतेक वेळा उघडे राहतात. तुझे त्या दिवशी घट्ट मिटलेले होते. मध्ये एकदा तू ते किलकिले करून बघितलंस, आई खाली बसली की नाही ते.

सतरा वर्षं काही नाही, आणि आई माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात झटका येतो. तुला योगायोग वाटत असेल तर वाटो. मी ही माणसं रोज बघते, कोण कशासाठी पडतं ते मला थोडंफार कळतं. आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी चहा हातात आणून देतंय. तेवढंही तुला बघवत नाही.

खरंच काही होत असेल तर तुमच्याकडच्या हॉस्पिटलात आलेख काढ. कागद खोटं बोलत नाही.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

सोबत कागद आहे. तू म्हणालीस तसा काढला. डॉक्टरांनी निकाल वेगळा लिहून दिलाय, तो पाठवत नाही. तू स्वतः वाच.

चार तारखेला पुन्हा झटका आला. या वेळी पुठ्ठा कापायच्या टेबलाची कड हनुवटीला लागली. सात टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मी म्हटलं, हात चांगला आहे तुमचा, नोकरी सुटली तर आमच्याकडे या. ते हसले, मला हसता आलं नाही, हनुवटी ओढत होती.

आईला फोनवर सर्दी झाली म्हणून सांगितलंय, आवाज वेगळा येतो म्हणून.

शाळेच्या फाटकातला खोटा होता. बरोबर ओळखलंस. त्या सकाळी आईनं तुझी वेणी दोनदा घातली होती. पहिली तिला पसंत पडली नाही म्हणून सोडून दुसरी, आणि घालताना गाणं म्हणत होती. माझ्या डोक्याला हात लावताना ती कधी गात नसे, घाबरलेली असे. मी नऊ वर्षांची होते आणि मला ते गाणं हवं होतं.

तेवढा एकच. बाकीचे सगळे खरे होते.

आता आईला काही सांगू नकोस. मलाच नको.

ठकी


१६ डिसेंबर

ठकी,

आज संध्याकाळी तुला फोन करणारच आहे आणि हे पत्र त्याच्या नंतर पोचेल. तरी लिहिते, कारण फोनवर मी पुन्हा काहीतरी लपवेन.

शनिवारी संध्याकाळी आई दूध तापवत होती. मला जळका वास आला म्हणून आत गेले. तिनं तापलेल्या पातेल्याची कड उजव्या हातानं धरली होती आणि माझ्याकडे वळून काहीतरी सांगत होती. तुझंच काहीतरी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही भाजत होती आणि तिला पत्ता नव्हता. मी हात ओढला तेव्हा दचकली, तीही मी ओढला म्हणून.

सोमवारी सकाळी आमच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी अंगठ्याच्या स्नायूत बारीक सुई घातली. सुईला स्पीकर जोडलेला असतो. धडधाकट स्नायू सैल सोडला की गप्प बसतो. आईच्या स्नायूतून टप टप आवाज येत राहिला, पत्र्यावर थेंब पडावेत तसा. ज्याची नस मरत चाललेली असते तो स्नायू असा एकटाच बडबडतो. मॅडमनी विचारलं, "आधी तपासणी केली होती का?"

"केली की," आई म्हणाली. "आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. हात गार होता."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी ड्रॉवर उघडून कागद त्यांच्या हातात दिला. कागदाच्या कोपऱ्यात मशीन कातडीचं तापमान छापतं. तेहतीस अंश. हात गार नव्हता, ठकी. मी स्वतः तो गरम पाण्यात ठेवून, पुसून मग तपासला होता. चारऐवजी सहा पूर्णांक आठ लागले होते आणि तर्जनीकडून तर काही आलंच नव्हतं. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली गेली आहे, हे त्याच मिनिटाला दिसत होतं. करंगळीची तुझी शंका बरोबर होती. गारठा असता तर दोन्ही नसा मंदावल्या असत्या. मशीनही दुरुस्तीला गेलेलं नव्हतं.

त्याचं ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं. त्याच आठवड्यात झालं असतं. ते झालं असतं तर बारा दिवसांनी टाके काढून आई तुझ्याकडे निघाली असती. एवढंच कारण होतं. दुसरं काही शोधू नकोस, नाही सापडणार.

मी मॅडमना विचारलं, या सहा आठवड्यांत किती बिघडलं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच केलं असतं तर सगळं वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून, काही फरक पडला नाही, असंही म्हणणार नाही." त्यांनी हे सगळं फाइलमध्ये लिहिलं. मला नसांच्या खोलीतून काढलंय. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढलं असतं.

त्याच दुपारी टपालानं तुझा कागद आला. मी तो टेबलावर उलगडला. डावीकडे, कानाच्या वरच्या तारांमध्ये, टोकदार लाटा आहेत, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. शिकणाऱ्या मुलींना दाखवायला जपून ठेवावा असा कागद आहे. आणि एक सांगते. हा कागद साफ आला असता तरी तुझे झटके खोटे ठरले नसते, दोन झटक्यांच्या मध्ये आलेख कित्येकांचा साफ येतो. हे मला ते पत्र लिहितानाही माहीत होतं. तुझ्या हनुवटीच्या सात टाक्यांत माझा हात आहे.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली, माझी काय होती तेही सांगितलं. ती मलम लावलेल्या बोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं तू इथं आहेस. आई, माझ्याकडे राहायला ये, असं एकदा तरी म्हणालीस?"

मी म्हटलं, "तू ठकीला सोडून आली नसतीस."

"नसते आले कदाचित," ती म्हणाली. "पण तू म्हणाली असतीस."

तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. ऑपरेशन शुक्रवारी आहे. तू एकटी बसनं येऊ नकोस, मी हात जोडते. तिथल्या डॉक्टरांकडे लगेच जा. मॅडम म्हणतात की गोळ्या नव्यानं ठरवाव्या लागतील. त्यांनी एक विचारलंय, तेच मीही विचारते. सतरा वर्षं थांबलेले झटके सहसा उगाच परत येत नाहीत. मध्ये काही बदललं होतं का?

सहा आठवडे मी तिला ठेवून घेतलं आणि सहा आठवडे ऐकलं काय, तर ठकी. ठकीला हे आवडलं असतं, ठकी असती तर हसली असती. बागेतसुद्धा.

ताई


९ जानेवारी

ताई,

आई येऊन आठवडा झाला. बोटांना मुंग्या येतात म्हणते, ते चांगलं लक्षण आहे असं तुमच्या मॅडमनी सांगितलंय म्हणे. भाजल्याचे डाग जाताहेत. पण अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय, कापूस निघालेल्या उशीसारखा. सुई धरायला गेली की सुटून पडते. ती खाली वाकून सुई शोधत राहते. मी रोज बघते आणि मला रोज तुझा राग येतो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं खरं वाटेल.

काही बदललं होतं का, विचारलंस. हो. आई बसमध्ये चढली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या होत्या.

एकेचाळीस वर्षांच्या बाईला बाथरूमच्या दाराला कडी लावायची परवानगी नाही, हे तुला माहीत आहे का? मी आत असले की आई बाहेर उभी राहून विचारते, "ठकी, आहेस ना?" पोहायचं नाही, गाडी चालवायची नाही, स्टुलावर चढायचं नाही. एकदा लग्नाचं बोलणं आलं होतं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आईनंच सगळं सांगून टाकलं. ती माणसं चहा अर्धा ठेवून गेली. तू मगानं पाणी ओतत होतीस म्हणतेस. त्यानंतर तू एक दिवस बॅग उचलून निघून गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तुला कुणी विचारलं नाही, आहेस ना. तुला वाटलं असेल, माझी कुणाला पर्वाच नाही. मला वाटलं, काय नशीब घेऊन आली आहे ही.

आई तुझ्याकडे आली तेव्हा पहिले दोन दिवस मी नुसती जळत होते. तिसऱ्या दिवशी कडी लावून आंघोळ केली. तासभर. बाहेर आले तर काही झालं नव्हतं. मग वाटलं, गोळीही नको, ताईसारखं राहून बघू. दोन आठवडे राहिले. फार छान गेले ते दोन आठवडे, हे तुला सांगायला हरकत नाही. रडगाणी लिहीत होते ती तुझ्याकडची बाग ऐकून.

तेव्हा तुझा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. झटका खरा होता, पण ओढवून घेतला मीच. आईला परत आणायला नाही, तिच्याशिवाय जमतं का ते बघायला.

हे मी आईला सांगितलं. ती इतकी रागावली की दोन वेळा जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून तिनं बाथरूमला नवी कडी बसवून घेतली. आतून लागते, आणि वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येते. आता मी कडी लावते आणि ती बाहेर नाणं घेऊन बसते. याला स्वातंत्र्य म्हणायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गोळ्या चालू आहेत, नव्या आहेत, झोप फार येते.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. शिवण सगळी माझ्याकडे आली आहे. शंभर पुस्तकं झाली, आई शेजारी बसून एकेक टाका उसवायला लावते.

मार्चमध्ये तिच्या हाताची तपासणी आहे. मी विचारलं, कुठे उतरणार. म्हणाली, "बोलावलं तर जाईन." तेव्हा बोलाव. फोन उचल आणि तोंडानं बोलाव.

ठकी


२२ मार्च

प्रिय ठकी,

आज आईची तपासणी झाली. मला त्या खोलीत जायला अजून बंदी आहे, त्यामुळे मी बाहेरच्या बाकावर, बाकीच्या नातेवाइकांबरोबर बसले. इतकी वर्षं मी आतून "पुढचे या" म्हणत होते. बाहेर घड्याळ इतकं हळू चालतं हे माहीत नव्हतं.

तपासणी करणारी मुलगी नवी आहे, दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकली. दार अर्धं उघडं होतं. तिनं आईचं मनगट हातात घेतलं आणि मला तिचाही हेवा वाटला. तिशीच्या आतली पोर, आईची काही लागत नाही, आणि तिला ते मनगट धरायची परवानगी आहे, मला नाही. पोरगी बिचकत होती. तिला माहीत आहे ना काय झालं ते. आई तिला म्हणाली, "माझ्या थोरलीनं शिकवलंय ना तुला? मग घाबरतेस कशाला? दे झटका."

मी उठून पाणी प्यायला गेले.

निकाल असा. सहा पूर्णांक आठचे आता पाच पूर्णांक एक झाले आहेत. तर्जनीकडून काहीच येत नव्हतं तिथे एक लहान लाट दिसते. मला कागद दाखवला मॅडमनी. लहान आहे, पण आहे. स्नायू निम्माच परत येईल. पेन धरेल, बटणं लावेल, बारीक सुईही कदाचित. जाड पुठ्ठ्याला भोक पाडायची आरी दाबून घालणं आता होणार नाही. मॅडमनी हे तिला समोरच सांगितलं. ती म्हणाली, "मग ते ठकी करेल. तिचे टाके सुधारलेत." तुला ती हे तोंडावर म्हणणार नाही, म्हणून मी कळवते.

मी तुझं ऐकून फोन केला तेव्हा आधी दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला होता, हे तुला सांगितलं नव्हतं. आणि काल तिला विचारलं, अजून चार दिवस राहतेस का. ती म्हणाली, "नाही ग, ठकीची नवी गोळी आहे, ती दुपारी पेंगते आणि कटरवर काम करते." मी बरं म्हटलं. मग आम्ही बॅग भरली. मला वाटत होतं की ती नाही म्हणाली तर माझं काहीतरी मोडेल. तसं काही झालं नाही. नुसतं वाईट वाटलं.

रविवारी दुपारी दोनला बस तुमच्याकडे पोचेल. शिंप्याला बरोबर घे, एकटी जाऊ नकोस. बॅग तू उचल, तिला उजव्या हातात काही देऊ नकोस, ती मागेल.

मला तुझा हेवा वाटतो, ठकी. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

तुझी,
ताई